जुनं इंजिन घ्यायचं तर आधी चेंबर उघडून बघा

शिरपूरच्या एका भावाचा प्रश्न आहे. २०१३ ची स्विफ्ट डिझेल. मे महिन्यात घरची मंडळी घेऊन इंदूरकडे निघाले, बिजासन घाटात गाडी गरम झाली. काटा वर गेलेला दिसत असूनही धाबा येईपर्यंत तशीच ओढली, मग बंद पडली. आता सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं, इंजिन फिरत नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, इंजिन संपलं, सेकंडहँड टाकू. दोन इंजिनं समोर आहेत. एक मुंबईच्या कुर्ल्याहून, मागून ट्रकने ठोकलेल्या डिझायरचं, बिल मिळणार आहे. दुसरं इंदूरहून, बरंच स्वस्त, 'साठ हजार चाललेलं, चालू इंजिन', पण कागद नाही. कोणतं घ्यावं, की जुनंच बनवून घ्यावं?

भाऊ, इंदूरचं इंजिन सोडून द्या. कुर्ल्याचं घेण्यासारखं असू शकतं, पण विकणारा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उघडू देत असेल तरच. आणि या दोघांच्याही आधी तुमचं स्वतःचं इंजिन खरंच गेलं आहे का ते तपासा. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तसं ठामपणे म्हणता येत नाही.

सेल्फ 'टक्' करून थांबतो याची कारणं अनेक. बॅटरी उतरलेली नाही हे धरून चालू. पहिलं काम, पुढचा पट्टा काढा. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप जाम झाला तरी इंजिन अडतं, आणि पट्टा काढल्यावर मोकळं होतं. तसं नसेल तर चारही हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडरमध्ये तापणारे प्लग) काढा. गरम झालेल्या गाडीत ते अडकलेले असतात, म्हणून आदल्या रात्री रस्ट ऑइल सोडून ठेवा आणि जोर करू नका. एक प्लग तुटला तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याचं काम वाढतं. प्लग निघाल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं आणि एखाद्या भोकातून पाणी उडालं, तर इंजिन सीझ, म्हणजे आतून पकडून जाम, झालेलं नाही. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी भरलं होतं, पाणी दाबलं जात नाही म्हणून सेल्फ अडत होता. अशा वेळी हेड उतरवून प्रेशर टेस्ट करायची, सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) वाक बघायचा, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे आहेत का ते बोट फिरवून बघायचं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, हेड अॅल्युमिनियमचं. गरम झाल्यावर पहिलं वाकतं ते हेडच. ब्लॉक शाबूत असेल तर हेडचं काम करून गाडी उभी राहते, नि तो खर्च दुसऱ्या इंजिनाच्या बराच आत बसतो. लाकडी ठोकळा लावून मागेपुढे हलवूनही क्रँक जागचा हलला नाही, तर मात्र आत पिस्टन किंवा बेअरिंग पकडलं आहे. मग दुसऱ्या इंजिनाचा विचार सुरू करा.

आता इंदूरच्या इंजिनाला मी नाही का म्हणतो. किमतीचा मुद्दा नंतरचा, आधी नंबरचा. इंजिन नंबर तुमच्या आरसीवर छापलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओच्या परवानगीने करायचा आणि केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. तुमची गाडी एमएच १८ ची असेल तर हे काम धुळ्याला. तिथे त्या इंजिनाचं बिल लागणार, आणि ते इंजिन कोणत्या गाडीतून निघालं हे सांगता आलं पाहिजे. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस विकणाऱ्याला शोधण्याआधी तुमच्या दारात येतील. चोरीचं नसलं तरी अपघाताच्या क्लेमवेळी इन्शुरन्सचा सर्वेअर नंबर जुळवतो, आणि न जुळलेल्या नंबरावर क्लेम लटकतो. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा: ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत, गाडी भंगारात गेल्याचा किंवा टोटल लॉसचा कागद, इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, आणि ब्लॉकवरच्या नंबरचा जवळून काढलेला फोटो. फोटोत आकडे एकसारखे खोल आहेत का, आजूबाजूचा पृष्ठभाग इतर ब्लॉकसारखाच खरखरीत आहे का बघा. नंबरभोवती ग्राइंडरने घासल्याची चमक किंवा त्याच जागी ताजा रंग दिसला तर विषय संपला.

पुढे, इंजिन तुमच्या गाडीला जुळतं का. तुमच्या स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. हेच कुटुंब डिझायरमध्ये, रिट्झमध्ये आहे, आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट या नावाने. म्हणून कोणी 'सगळं सेम आहे' म्हणालं तर ते अर्धंच खरं. व्हिस्टाच्या इंजिनाचं मूळ तेच असलं तरी माउंटिंग, ब्रॅकेट, वायरिंग वेगळं पडतं. एर्टिगा आणि एसएक्स४ चं ९० पीएसचं इंजिन घेतलंत तर टर्बोच वेगळ्या जातीचा, पाती हलणारा. तुमचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) ७५ पीएसच्या साध्या टर्बोसाठी लिहिलेला आहे, तो त्याला चालवू शकत नाही. स्विफ्ट, डिझायर किंवा रिट्झचं, ७५ पीएसचं, त्याच भारत स्टेजचं (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) इंजिन घ्या. कुर्ल्याचं डिझायरचं आहे, भारत स्टेज तेच असेल तर ते या कसोटीला उतरतं.

आता खरी तपासणी. विकणारे 'चालू इंजिन' म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. त्या व्हिडिओला मी फारशी किंमत देत नाही. बेअरिंग घासलेलं इंजिनही जाड ऑइल भरून दोन मिनिटं गोड चालतं. आवाज लपवता येतो, चेंबरच्या तळाला काय साचलंय ते लपवता येत नाही. म्हणून माझी अट एकच: ऑइल काढून चेंबर खाली उतरवायचा, आणि तो मी उभा असताना. विकणारा तयार नसेल तर इंजिन कितीही स्वस्त असो, मी गाडी वळवून घरी येतो.

चेंबर उतरला की आधी तळाशी बोट फिरवा. काळं ऑइल डिझेलमध्ये असतंच, त्याने घाबरू नका. बोटाला चिकट काळा गाळ लागला तर मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नाही. मग ऑइल उन्हात धरा. चांदीसारखी बारीक चमक दिसली तर बेअरिंग किंवा पिस्टन झिजतंय. चुंबक फिरवा: जे चिकटतं ते लोखंड, म्हणजे चेन, गिअर, रिंगा यांच्याकडचं. न चिकटणारी चमक अॅल्युमिनियमची किंवा बेअरिंगच्या थराची. त्यानंतर ऑइलची जाळी बघा, जिथून पंप ऑइल ओढतो. गॅस्केट पेस्टचे लाल-काळे तुकडे तिथे अडकलेले असतील तर हे इंजिन आधी कोणीतरी उघडलंय, आणि नीट बंद केलेलं नाही. जाळी बुजली की ऑइल आधी टर्बोला आणि चेनच्या टेन्शनरला (चेन ताणून धरणाऱ्या भागाला) कमी पडतं.

जाळी साफ आहे? मग एका कनेक्टिंग रॉडची कॅप खोला. पुलीकडून चौथी घ्या, किंवा जी हाताला ढिली वाटते ती. आतल्या शेलचा (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीचा) रंग एकसारखा राखाडी, त्यावर हलके उभे माग, इतकं चालतं. मधोमध तांब्याचा रंग वर आला असेल तर वरचा थर संपला. क्रँकचं जर्नल (शेल बसतो तो गुळगुळीत भाग) नखाने तपासा. नख अडेल असा ओरखडा असेल तर क्रँक लेथवर न्यावा लागणार, आणि लेथवर जाणारं इंजिन विकत घ्यायचं कशाला? ते काम तुमच्या स्वतःच्या इंजिनावरही होतंच. ही एक कॅप खोलायला मिस्त्रीला फार वेळ लागत नाही, पण साठ हजार आणि दोन लाख साठ हजार यातला फरक मीटरपेक्षा तीच खरा सांगते. रॉडचे बोल्ट परत कसताना नवे टाकायला मात्र विसरू नका.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते. डिझेलचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा लावलात तर तो फुटेल. निरोगी मल्टिजेटला साधारण २५ ते ३० बार, म्हणजे ३६० ते ४३० पीएसआय मिळायला हवेत. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. एक २८ आणि शेजारचा २३ असेल तर ते इंजिन मी घेत नाही. चारही २४ असतील तर विचार करतो. अडचण अशी की जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाला सेल्फ लावायचा कुठे? सेल्फ गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या, घंटेच्या आकाराच्या भागाला बसतो. म्हणून विकणाऱ्याला सांगा, गिअरबॉक्स लावून ठेव, बॅटरी आणि सेल्फ घेऊन आम्ही येतो.

तेही जमत नसेल तर हवेची टेस्ट करा, तिला फक्त कॉम्प्रेसर आणि हीटर प्लगच्या भोकात बसणारा अॅडॉप्टर लागतो. सिलिंडर वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व बंद अशा जागी आणा. पुलीला पाना लावून दुसऱ्या माणसाने घट्ट धरावा, कारण हवा सोडल्यावर क्रँक झटका मारतो आणि बोटं सापडतात. मग पाचेक बार हवा सोडा आणि कान लावून ऐका. थोडी हवा रिंगांतून जाणारच. ऑइल भरायच्या झाकणातून जोरात फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर. इनलेटमधून आली तर इनलेट व्हॉल्व, टर्बोच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व. पाण्याची वाट भरून ठेवा. तिथे बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. एका दुपारचं काम आहे, आणि इंजिन सुरू न करता एवढी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही. पेट्रोल इंजिनात लोक चमचाभर ऑइल टाकून कॉम्प्रेशन पुन्हा मोजतात. डिझेलमध्ये त्या आकड्यावर विसंबू नका. पिस्टनवरची जळणाची जागा इतकी लहान की तेवढ्या ऑइलनेच आकडा फुगतो.

चालू करून दाखवणार असतील तर इंजिन थंड हवं, हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन म्हणजे काहीतरी झाकलेलं. थंड सुरू झाल्यावर पुढच्या बाजूने क्षणभर चेनची खडखड येऊन थांबली तर टेन्शनर, थांबलीच नाही तर चेन लांबलेली. मल्टिजेटमध्ये चेनने दात सोडला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. ऑइलचं झाकण ढिलं करून वर ठेवा. ते जागच्या जागी थरथरलं तर ठीक, धुराचे भपके मारत नाचू लागलं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे दाब रिंगांतून खाली येतोय. निळा धूर ऑइलचा. पांढरा धूर सुरुवातीला असून गेला तर हरकत नाही, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट जळतंय. झाकणाखाली दुधी थर दिसला की लोक लगेच गॅस्केट म्हणतात, पण पावसाळ्यात पडून असलेल्या इंजिनात ओल धरूनही तसा थर येतो. ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइलही दुधी असेल तरच पाणी मिसळलंय.

पुराच्या गाडीचं इंजिन ओळखायला शिका. सुरतेला २००६ मध्ये तापीचं पाणी शिरलं, चेन्नई २०१५ मध्ये बुडाली, कोल्हापूर-सांगली २०१९ मध्ये. बुडालेल्या गाड्यांचे पार्ट देशभर फिरतात आणि सुरत तर आपल्याला किती जवळ. क्लच हाउसिंगच्या आत, अल्टरनेटरच्या जाळीत, ब्रॅकेटच्या मागे मातीची बारीक रेघ शोधा. बाहेरून धुतलं तरी तिथली राहते. पाण्यात सुरू करायचा प्रयत्न झाला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी हीटर प्लगच्या भोकातून बारीक सरळ तार टाका, प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून तारेवर खूण करा. चारही खुणा एकाच उंचीवर यायला हव्यात. एक पिस्टन मिलिमीटरभर जरी खाली थांबत असेल तरी रॉड वाकलेला आहे.

इंजिन पसंत पडलं तरी काही गोष्टी तुमच्याच वापरायच्या. इंजेक्टर तुमचे चांगले असतील तर तेच ठेवा. प्रत्येकावर कोड असतो, तो ईसीएममध्ये भरलेला आहे. दुसरे टाकले तर स्कॅनरने नवे कोड भरून घ्यावे लागतील. ईसीएम तुमचाच, नाहीतर चावीचा इमोबिलायझर अडवेल. चेन, टेन्शनर, गाइड यांचा पूर्ण संच, मागचं क्रँक सील, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप इंजिन बाहेर असतानाच नवे टाका. क्लच प्लेट निम्मी झिजली असली तरी बदला, नाहीतर तेच काम पुन्हा उतरवून करावं लागेल. चेन बसवताना कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना मिस्त्रीकडे आहेत का हे आधीच विचारा. अंदाजाने खुणा मारून बसवणाऱ्याकडे हे इंजिन देऊ नका.

ज्या गोष्टीमुळे जुनं इंजिन गेलं ती गाडीत तशीच ठेवून दुसरं बसवणं, ही चूक आपल्याकडे सर्रास होते, आणि दुसरं इंजिनही पुढच्या उन्हाळ्यात जातं. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. रेडिएटरची जाळी धुळीने आणि कपाशीच्या तंतूंनी भरते. एसीचा कंडेन्सर पुढे असल्याने दोघांमधला थर वरून दिसतही नाही, दोन्ही वेगळे केल्याशिवाय कळत नाही. आतून तर बोअरचं जड पाणी. दोन-तीन वर्षं बोअरचंच पाणी टाकलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात. अॅसिडने धुण्यापेक्षा रेडिएटर नवा टाका आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. फॅन दोन्ही वेगांवर फिरतो का ते बघा. आणखी एक: पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत राहतो, काटा खाली येतो आणि माणसाला वाटतं गाडी थंड झाली. काटा अचानक पडला तर तो दिलासा समजू नका, लगेच बंद करा.

तुमच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल तर त्याचा चुरा ऑइल कूलरमध्ये बसलेला असणार. कूलर धुऊन पूर्ण साफ होत नाही, नवाच टाका. टर्बो पुन्हा वापरायचा असेल तर शाफ्ट धरून हलवा. बाजूला किंचित हलणं नैसर्गिक आहे, आतबाहेर हलता कामा नये, आणि पाती घराला घासल्याच्या खुणा नसाव्यात. इंटरकूलर उतरवून उलटा करा, आत साचलेलं ऑइल पूर्ण काढा. हे राहून गेलं तर पहिल्याच वेळी रेस दिल्यावर इंजिन ते ऑइल ओढून जाळू लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही आणि वेग वाढतच जातो. पहिल्यांदा सुरू करताना इनलेटवर दाबून धरायला जाड फळी जवळ ठेवा. हात लावू नका. सुरू करण्याआधी इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारा.

हिशोब मांडताना इंजिनाची किंमत एकटी धरू नका. कुर्ल्याहून भाडं, चेन संच, गॅस्केट-सील, क्लच, रेडिएटर, ऑइल कूलर, ऑइल-कूलंट, मजुरी, आरटीओ हे सगळं एका कागदावर लिहा. शेजारी तुमचंच इंजिन पूर्ण बनवण्याचा लेथवाल्याचा आकडा लिहा: बोअर-होनिंग, पिस्टन-रिंगा, बेअरिंग, हेडचं काम. पहिला आकडा दुसऱ्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरला तर मी जुनंच इंजिन बनवून घेईन. नंबर तोच राहतो, आत काय टाकलं ते तुम्हाला माहीत असतं, आणि काम करणारा माणूस धुळ्यात किंवा शिरपुरातच बसलेला असतो. ब्लॉकला चीर असेल किंवा क्रँकला घासायला माप उरलं नसेल तर मात्र कुर्ल्याचं घ्या, वरच्या तपासणीत उतरलं तर. हीटर प्लग काढून क्रँक फिरतो का हे उद्याच बघून घ्या, आणि तोवर कुर्ल्याला टोकन पाठवू नका.